त्यांनी घराबद्दल काय विचारलं? ऑनलाइन गृहकर्ज देणाऱ्याची पारख

२०२४ ची दिवाळी संपून आठवडा झाला असेल. रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. तो चाकणला कंपनीत कामाला आहे. मोशीत एक वन बीएचके बघून ठेवला होता, रीसेलचा, ३४ लाखांना. आवाजात नुसता आनंद. "मावशी, लोन सँक्शन झालं गं! पूर्ण ३४ लाख, पाच टक्क्यांनी. तीन दिवसांत. फक्त ३२ हजार जीएसटी भरायचाय, तेवढे उद्यापर्यंत देशील का?"

मी नाशिकला एका बँकेच्या कर्ज विभागात २६ वर्षं काढली. हजारो प्रपोजल हाताखालून गेली. मी त्याला एवढंच विचारलं, "फ्लॅटचे कागद मागितले का रे त्यांनी?"

"नाही, ते म्हणाले नंतर बघू."

तिथेच मला कळलं. त्याला म्हटलं, एक पैसाही पाठवू नकोस, आत्ता जे काही आलंय ते सगळं मला पाठव. मग कळलं की त्यानं आधीच दोनदा पैसे पाठवले होते. पाच दिवसांपूर्वी ₹६,५०० 'फाइल चार्ज' आणि आदल्या दिवशी ₹१९,८०० 'विमा'. ही हकीकत मी त्याच्या परवानगीनं लिहिते आहे, कारण त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या तिघांनी मला अशीच पत्रं दाखवली. त्यांतलं एक खरं निघालं, दोन खोटी.

आधी त्यांचे प्रश्न तपासा

गृहकर्ज म्हणजे घर तारण ठेवून दिलेलं कर्ज. वीस-वीस वर्षं पैसे अडकवायचे, त्याला आधार काय, तर ते घर. म्हणून खरा देणारा घराच्या मागे हात धुऊन लागतो. करारनामा, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदल्याचा उतारा), आधीच्या खरेदीखतांची साखळी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत पत्र, बांधकाम चालू असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक. संस्थेच्या पॅनेलवरचा वकील साधारण ३० वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासतो. व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, प्रत्यक्ष येऊन टेप लावून खोल्या मोजतो. यातलं काहीही न करता कोणी 'अंतिम मंजुरी' देत असेल, तर तो गृहकर्ज देत नाही, दुसरंच काही करतो आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ठग याच फटीतून आत शिरतात. तुमच्या पगारावर आणि सिबिलवर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांवर) आधारलेली 'तत्त्वतः मंजुरी' खऱ्या बँकाही ऑनलाइन दहा मिनिटांत देतात. त्यात गैर काही नाही. पण त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं की मालमत्तेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी व्हायची आहे. भाच्याच्या पत्रावर 'फायनल सँक्शन' होतं आणि मालमत्तेच्या रकान्यात एकच शब्द, 'करारानुसार'. फ्लॅट नंबर नाही, इमारतीचं नाव नाही, गट क्रमांक नाही, मोशी हा शब्दसुद्धा नाही. ज्या घरावर ३४ लाख द्यायचे, ते घर कुठे आहे हे पत्राला माहीतच नव्हतं.

बाकी पत्र मात्र देखणं होतं. एका नामांकित वित्त कंपनीचं नाव आणि लोगो, गोल निळा शिक्का, खाली 'रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त'. त्या कंपनीचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता, तिचं नाव कोणीतरी वापरलं होतं. नव्या फसवणुकीचा मोठा भाग असाच आहे. नाव खरं आणि माणूस खोटा. त्यामुळे तपासणी दोन पायऱ्यांत करावी लागते: ज्या संस्थेचं नाव सांगितलं ती खरी आहे का, आणि समोरचा माणूस त्याच संस्थेचा आहे का. बहुतेक लोक पहिली पायरी चढून थांबतात.

पत्रातले आकडे आपापसात जुळतात का

संकेतस्थळ उघडण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. ३४ लाख, २० वर्षं, पाच टक्के. हप्ता येतो सुमारे ₹२२,४४०. त्या दिवसांत बाजारात गृहकर्ज पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास होतं, त्या दरानं हप्ता ₹३०,०४६. महिन्याला साडेसात हजार कमी! कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. पण त्या वेळी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५० टक्के होता. बँका ज्या दरानं रिझर्व्ह बँकेकडून उसने पैसे घेतात तो हा दर. त्याच्याही खाली गृहकर्ज दिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. रेपो दर बदलत असतो, म्हणून तुमच्या वेळी काय आहे ते बघा आणि शेजारी पत्रातला दर लिहा.

दुसरा आकडा, १०० टक्के कर्ज. 'रजिस्ट्रेशनसकट सगळं आम्ही देतो' असं ते पत्र पाठवणारा एजंट म्हणाला होता. ते नियमातच बसत नाही. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के, अशी मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी साधारणपणे त्या किमतीत धरत नाहीत. अपवाद आहे तो दहा लाखांपर्यंतच्या घरांचा. म्हणजे ३४ लाखांच्या फ्लॅटवर ३४ लाख कोणतीही नोंदणीकृत संस्था गृहकर्ज म्हणून देणार नाही. स्वतःचा हिस्सा भरावाच लागतो.

तिसरा, एजंटचंच वाक्य, 'प्रधानमंत्री आवास योजनेमुळे पाच टक्के'. शहरी योजनेच्या २०२४ साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात व्याज-अनुदान आहे हे खरं. पण ते २५ लाखांपर्यंतच्या कर्जाला आणि ३५ लाखांपर्यंतच्या घराला आहे, पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, जास्तीत जास्त ₹१.८० लाख, आणि तेही पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतं. कर्जाचा दर त्यामुळे पाचावर येत नाही. ३४ लाखांचं कर्ज तर योजनेत बसतच नाही.

आणि चौथा, ज्यासाठी त्यानं मला फोन केला तो जीएसटी. कर्जाच्या रकमेवर जीएसटी नसतो, व्याजावरही नसतो. प्रक्रिया शुल्कावर १८ टक्के असतो. ३२ हजार जीएसटी व्हायचा तर प्रक्रिया शुल्क पावणेदोन लाखांच्या पुढे जायला हवं.

हे चार आकडे फोनवर तपासायला आम्हाला वीस मिनिटं लागली. इंटरनेटसुद्धा लागलं नाही.

संस्था खरी आहे का

भारतात गृहकर्ज देणारे मुख्यतः तीन प्रकारचे असतात: बँका, बिगर-बँक वित्त कंपन्या आणि त्यांतल्याच गृहवित्त कंपन्या. गृहवित्त कंपन्यांचं नियमन पूर्वी नॅशनल हाउसिंग बँकेकडे होतं, ऑगस्ट २०१९ पासून ते रिझर्व्ह बँकेकडे आलं. देखरेख आणि तक्रारींचं काम अजून नॅशनल हाउसिंग बँक बघते. दोघांच्याही संकेतस्थळांवर नोंदणीकृत कंपन्यांच्या याद्या आहेत. नोंदणी रद्द झालेल्या कंपन्यांची यादीही रिझर्व्ह बँक देते आणि ती बघायला लोक विसरतात.

यादीत नाव शोधताना अक्षर न् अक्षर जुळवा. 'फायनान्स लिमिटेड' आणि 'फायनान्स सर्व्हिसेस प्रायव्हेट लिमिटेड' या दोन वेगळ्या कंपन्या असू शकतात. यादीत पत्ता असतो, तो पत्राशी ताडून बघा.

बँक असेल तर आता एक सोपी खूण मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेपटाच्या नावावर न्यायची होती. हे नाव कोणालाही विकत मिळत नाही, फक्त बँकांनाच मिळतं. शेपूट म्हणजे अगदी शेवटचा भाग बघायचा. मध्ये कुठेतरी 'बँक' लिहून शेवटी भलतंच काही असेल, तर ती खूण नव्हे.

एजंट तुम्हाला 'सर्टिफिकेट ऑफ इनकॉर्पोरेशन' पाठवील. त्यावर अशोकस्तंभ असतो, त्यामुळे माणूस दबतो. तो कागद फक्त कंपनी स्थापन झाल्याचा पुरावा आहे. बिस्किटं विकणाऱ्या कंपनीकडेही तो असतो. कर्ज देण्याची परवानगी वेगळी, रिझर्व्ह बँकेच्या नोंदणी प्रमाणपत्राची. मात्र त्या कागदावरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, कामाचा आहे. २१ अक्षर-आकड्यांचा असतो: पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, मग उद्योगाचे पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं, त्यानंतर स्थापनेचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार आणि शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांकाचे. सोसायटीतल्या एकांकडे आलेल्या पत्रात '२५ वर्षांची विश्वासार्ह परंपरा' असं छापलं होतं आणि सीआयएनमध्ये वर्ष होतं २०२३. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकून कंपनीचं नाव, पत्ता आणि ती चालू आहे की नाही हे बघता येतं.

आपल्याकडच्या पतसंस्थांबद्दल दोन शब्द. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या यादीत ती सापडणार नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही. पण ती कर्ज देते ते सभासदांना, आणि तिचा व्यवहार तपासायचा तर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात. पतसंस्थेच्या नावानं व्हॉट्सअॅपवर अनोळखी माणूस परगावच्या लोकांना गृहकर्ज विकत असेल, तर लांब राहा. खासगी सावकाराला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवाना लागतो, तोही सहकार खात्याकडेच तपासता येतो.

माणूस त्या संस्थेचा आहे का

आता दुसरी पायरी. पत्रावरचा फोन नंबर लावू नका. एजंटनं दिलेला 'हेड ऑफिस'चा नंबरही नको, तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस उचलतो. गूगलवर वर-वर दिसणारा 'कस्टमर केअर' नंबरही नको, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या किंवा नॅशनल हाउसिंग बँकेच्या यादीतून कंपनीचं नाव आणि पत्ता घ्या, संकेतस्थळाचा पत्ता हातानं टाइप करा आणि तिथल्या नंबरवर मंजुरीपत्राचा क्रमांक सांगा. असा अर्ज तुमच्या नोंदीत आहे का, एवढंच विचारा. हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. पलीकडच्या मुलीनं दोन मिनिटांत सांगितलं, "मॅडम, हा नंबर आमच्या सीरिजचाच नाही."

शाखा जवळ असेल तर जाऊनच या. अर्ज ऑनलाइन केला म्हणून शाखेत जायला बंदी नसते. तीस लाखांच्या कामासाठी अर्ध्या दिवसाची रजा पडली तरी चालेल.

मधल्या माणसांबद्दल गोंधळ नको. कर्ज मिळवून देणारे डीएसए आणि ॲप खरेही असतात. पण कर्ज ते देत नाहीत, कोणत्यातरी बँकेचं किंवा कंपनीचं काम करतात. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे (पहिले २०२२ चे, नंतर मे २०२५ चे) मूळ कर्ज देणारी संस्था कोणती हे तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे आणि मधल्याचा मोबदला त्या संस्थेनं द्यायचा असतो, तुम्ही नाही. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲपची सूचीही आहे, कोणतं ॲप कोणत्या संस्थेसाठी काम करतं ते दाखवणारी. ती माहिती संस्थांनी स्वतः भरलेली आहे, म्हणून सूचीत नाव दिसलं तरी त्या संस्थेला एकदा विचारून घ्याच.

एक तपासणी मला फार आवडते, कारण ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे. एजंट म्हणतो, "तुमचा सिबिल काढला, ७८० आहे, उत्तम." खऱ्या संस्थेनं अर्जासाठी तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढला की त्याची नोंद रिपोर्टच्या चौकशी विभागात होते, संस्थेच्या नावासह आणि तारखेसह. शिवाय तुमचा मोबाइल किंवा मेल नोंदलेला असेल तर तसा संदेशही येतो. देशात चार संस्था असे रिपोर्ट ठेवतात: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. थोडे दिवस थांबून चारही बघा. भाच्याच्या रिपोर्टात त्या आठवड्यात एकही चौकशी नव्हती. ७८० हा आकडा त्या माणसानं हवेतून काढला होता.

पैसे कुठल्या खात्यात जातात

'आधी पैसे मागितले म्हणजे फसवणूक' असं सरसकट सांगतात. गृहकर्जात ते पुरेसं नाही. बऱ्याच खऱ्या संस्था अर्ज घेतानाच लॉगिन फी घेतात, काही हजारांची, आणि कर्ज नाही झालं तर ती परत मिळत नाही. फरक खात्याच्या नावात असतो. खरी फी संस्थेच्या नावाच्या खात्यात जाते, संस्थेच्या संकेतस्थळावरून किंवा तिच्या नावाच्या चेकनं, आणि पावती मिळते. भाच्यानं ₹६,५०० पाठवले ते एका व्यक्तीच्या यूपीआयवर. पैसे पाठवताना पडद्यावर नाव दिसतं. त्याला ते दिसलं होतं. त्यानं विचारलंही, तर उत्तर मिळालं, "ते आमचे अकाउंट्स मॅनेजर आहेत." विमा, जीएसटी, एनओसी, 'पहिला हप्ता ॲडव्हान्स', 'रिझर्व्ह बँक चार्ज', काहीही नाव द्या, एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पैसे मागितले की बोलणं तिथे थांबवा. रिझर्व्ह बँक तुमच्या कर्जासाठी तुमच्याकडून काहीच घेत नाही.

हप्त्याचंही तसंच. परतफेड थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात व्हायला हवी, मधल्या ॲपच्या खात्यात नाही. नॅचचा मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापून घ्यायची परवानगी, सही करताना त्यावर कोणाचं नाव आहे आणि कमाल रक्कम किती भरली आहे ते वाचा. कोरा रकाना सोडून सही करू नका.

मुख्य तथ्य विवरणपत्र मागा

ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदतकर्जासाठी हे पत्रक देणं बंधनकारक आहे. इंग्रजीत त्याला केएफएस म्हणतात आणि फोनवर तोच शब्द वापरा, चटकन कळतो. त्यात वार्षिक टक्केवारी दर असतो, म्हणजे व्याज आणि सगळी शुल्कं मिळून कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडतं तो. दर फिरता आहे की स्थिर, हप्ते किती, उशीर झाला तर दंड किती, तक्रार अधिकाऱ्याचा फोन कोणता, कर्ज दुसऱ्या संस्थेला विकलं जाऊ शकतं का, हे सगळं तिथे असतं. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. तुम्हाला समजेल अशा भाषेत समजावून द्यायचं असतं, तेव्हा मराठीत मागायला लाजू नका. पत्रक हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात.

याचा दुहेरी उपयोग आहे. ठगाला केएफएस म्हणजे काय हेच माहीत नसतं, आणि खरी पण महागडी संस्था असेल तर तिची किंमत कळते. खरी म्हणजे स्वस्त, असं नाही. बँकांचे फिरते दर रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाशी बांधलेले असतात. गृहवित्त कंपन्यांवर तसं बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दरावर चालतो. हे चुकीचं नाही, पण रेपो कमी झाला की हप्ता लगेच उतरेल असं तिथे धरून चालू नका. फिरत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर मात्र व्यक्तीला दंड लावता येत नाही. लावतो म्हणाले तर भांडा.

फोन आणि कागद

ॲप व्हॉट्सअॅपवर फाइल म्हणून आलं तर उघडूच नका. कर्जाच्या ॲपला तुमच्या संपर्कयादीत, फोटोंत किंवा कॉलच्या नोंदीत डोकावायची परवानगी नाही. केवायसीपुरता कॅमेरा आणि ठिकाण, एकदाच, तुमच्या संमतीनं. 'फॉर्म भरायला मदत करतो' म्हणून स्क्रीन शेअर करायला लावलं तर फोन ठेवा. आधारची प्रत मास्क केलेली, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेली, द्या, आणि प्रत्येक झेरॉक्सवर 'फक्त गृहकर्जासाठी', संस्थेचं नाव आणि तारीख असं आडवं लिहा.

मूळ कागदांच्या बाबतीत मी फार कडक आहे. गृहकर्जात साधारणपणे मूळ दस्तऐवज संस्थेकडे ठेवून तारण होतं. आपल्या राज्यात त्याची सूचना, नोटीस ऑफ इंटिमेशन, दुय्यम निबंधकाकडे दाखल होते आणि तिचं शुल्क सरकारजमा होतं. संस्था ते तारण 'सेरसाई' या केंद्रीय नोंदणीतही नोंदवते. कोणी तारणाऐवजी स्वतःच्या नावे खरेदीखत किंवा साठेखत करून मागत असेल, किंवा फ्लॅट विकण्याचं कुलमुखत्यारपत्र एखाद्या व्यक्तीच्या नावानं मागत असेल, 'फक्त सिक्युरिटीसाठी आहे' म्हणत असेल, तर सही करू नका. पैसे गेले तर कमावता येतात, पण असं घर सोडवायला अनेक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना मी लोक पाहिले आहेत.

पैसे गेलेच असतील तर

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर ताबडतोब फोन. लाज, घरच्यांना काय सांगू, हे सगळं नंतर. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि कोणत्या खात्यात गेले, एवढं हाताशी ठेवा. मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार, आणि आपल्या बँकेत अर्ज. भाच्याचे पाच दिवस जुने ₹६,५०० केव्हाच पुढे सरकवले गेले होते. आदल्या दिवशीच्या ₹१९,८०० पैकी ११ हजार एका खात्यात गोठवता आले आणि अर्ज-विनंत्या करून बऱ्याच महिन्यांनी परत मिळाले. त्यानं फोन आठवडाभर उशिरा केला असता तर तेही गेले असते. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. आधार-पॅन गेलं असेल तर पुढचे काही महिने क्रेडिट रिपोर्ट बघत राहा, तुमच्या नावावर कोणी दुसरं कर्ज काढलं तर तिथे दिसेल.

परवाना नसताना कर्जाचा धंदा करणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर करता येते. संस्था नोंदणीकृत आहे पण वागणूक वाईट, तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही की बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (माहितीचा नंबर १४४४८), आणि गृहवित्त कंपनीसाठी नॅशनल हाउसिंग बँकेचं तक्रार पोर्टल.

भाच्यानं फ्लॅट सोडला नाही. डिसेंबरात त्यानं एका बँकेत अर्ज केला, सुरुवात ऑनलाइनच केली. २७ लाख मंजूर झाले, उरलेल्यासाठी पीएफ आणि भाचेसुनेचं थोडं सोनं. वकिलानं मूळ मालकाच्या वारसांचं एक कागदपत्र कमी आहे म्हणून फाइल तीन आठवडे अडवली. भाचा वैतागून म्हणाला, "मावशी, ते किती सोपं होतं गं." व्हॅल्युअर आला तेव्हा मी तिथेच होते. त्यानं स्वयंपाकघराच्या मागची ड्राय बाल्कनी नकाशात आहे का ते दोनदा बघितलं, टेप लावला, भिंतीतल्या ओलीचा फोटो काढला.

कर्जाचा चेक फ्लॅट विकणाऱ्याच्या नावानं निघाला, भाच्याच्या हातात आला नाही. नियमाप्रमाणे तसंच व्हायला हवं. मूळ कागद देताना आम्ही त्यांची यादी करून घेतली: करारनामा, सूची दोन, नोंदणीची पावती, आधीची दोन खरेदीखतं, शेअर सर्टिफिकेट, प्रत्येकाची पानं मोजून. त्यावर बँकेचा शिक्का, सही, तारीख. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत हे सगळं परत द्यावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला ₹५,०००, आणि तेव्हा काय काय दिलं होतं ते हीच यादी सांगणार. त्या यादीची मूळ प्रत भाचेसुनेनं लॅमिनेट न करता प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. यादीचा एक फोटो माझ्याही फोनमध्ये आहे.